भलत्याच घरी पोच

जैतुनबीनं बटण दाबलंच नव्हतं, तरी खाली स्वयंपाकघरात घंटी वाजली.

तहरीम हातातलं लाटणं टाकून जिना चढत धावली. वर येऊन बघते तर अम्मी पलंगावर पाय दुमडून निवांत बसलेली, खिडकीच्या बंद तावदानावरून ओघळणारा पाऊस बघत. तिनं लेकीकडे पाहून भुवया उंचावल्या.

"तू बोलावलंस ना?"

अम्मीनं नकारार्थी मान हलवली. मग एकदम नाकाला बोट लावलं आणि जिन्याकडे दाखवलं. खालून रोटी करपल्याचा वास येत होता.

त्या आठवड्यात हे असं कितव्यांदा तरी झालं होतं.

कोरेगावच्या बाजारपेठेत जैतुनबी बोलायला उभी राहिली की समोरून एसटी निघून जायची, अशी तिची ख्याती. तिच्याच गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी धीर दिला होता, "येईल परत. नस दुखावलीय, तुटली नाही. दोन-तीन महिने सबुरीनं घ्या." तपासण्यांसाठी सारखं जा-ये नको म्हणून मायलेकी मिरजेतच राहिल्या, अम्मीच्या थोरल्या बहिणीकडे, रहिमतबी खालाकडे. अब्बा, म्हणजे मौला, कोरेगावात. जळालेल्या मोटारींना नव्यानं तार गुंडाळून द्यायचं त्यांचं दुकान होतं, ते बंद ठेवून कसं चालणार?

खालाचं घर उभट आणि अरुंद. स्वयंपाकघर खाली मागच्या अंगाला, अम्मीची खोली वर. हाक मारता न येणारं माणूस वर एकटं ठेवायचं म्हणजे जिवाला घोर. तहरीम इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. अब्बांच्या दुकानात बसून फावल्या वेळात छोटे बोर्ड जोडायचा, त्यांना प्रोग्रॅम घालून दिवे लावायचा, मोटारी फिरवायचा तिला नाद होता. तिनं अंगठ्याएवढी दोन वायरलेस मॉड्यूलं घेतली आणि अम्मीसाठी तीन बटणांची पेटी केली. एक दाबलं तर पाणी. दोन म्हणजे नुसतं ये. तीन म्हणजे दुखतंय. स्वयंपाकघरातल्या घंटीशेजारी तो आकडा क्षणभर उमटून जायचा.

टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की दोन्ही बोर्ड शहाण्यासारखे वागायचे. वरखाली नेले की बिघडायचे. कधी अम्मी बटण दाबून दमायची आणि खाली चिडीचूप. कधी कुणी हातही लावला नाही तरी घंटी. तहरीमनं वायरी बदलल्या. मॉड्यूलला वीज कमी पडत असेल म्हणून कपॅसिटर जोडला. पेटी पलंगाच्या उशाकडून पायथ्याकडे नेली. मॉड्यूलं सदोष निघाली असतील म्हणून नवी जोडीही आणली. फरक शून्य.

करपलेली रोटी काढून टाकल्यावर तिनं घंटीचा बोर्ड लॅपटॉपला लावला आणि नेमकं काय येतंय ते पडद्यावर बघत बसली.

८४.

बऱ्याच वेळानं पुन्हा ८४. मग ८५.

तिच्या पेटीला चौऱ्याऐंशी ठाऊकच नव्हतं! तिला एक, दोन, तीन एवढंच येत होतं. तहरीम गालावर हात ठेवून बघत राहिली. बाहेर सर आली तसा आकडा सत्त्याऐंशी झाला. दुपारी ऊन पडलं तेव्हा ऐंशीवर उतरला. संध्याकाळी पाऊस पुन्हा वाजू लागला आणि आकडा चढला...

ओलावा. हवेतला ओलावा मोजतंय कुणीतरी. इथंच, जवळपास.

का कोण जाणे, तिला राग यायच्याऐवजी बरंच वाटलं. या परक्या गावात, या पावसात, आपल्यासारखंच कुणीतरी चिमुकला बोर्ड घेऊन बसलंय. कोण असेल? आणि ओलाव्याची एवढी काळजी कशासाठी?

पण दुसऱ्या दिवशी जे घडलं त्यानं ही गंमत विरली. दुपारी तहरीम मिक्सरवर वाटण काढत होती. घंटी वाजली नाही. सहज ताट घेऊन वर गेली तर अम्मीच्या हातांची बोटं आत वळून ताठ झालेली, चेहरा पांढराफटक, आणि मनगटानं ती पेटीचं तिसरं बटण पुन्हा पुन्हा दाबतेय. ऑपरेशनमुळं रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं. डॉक्टरांनी अशा वेळी द्यायच्या गोळ्या सांगून ठेवल्या होत्या. खालानं त्या दिल्या, रिक्षा आणली, दवाखान्यात सलाईन लागलं आणि सगळं निभावलं. पण येताना रिक्षात अम्मीनं तहरीमचा हात सोडला नाही. तिला रागवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तहरीमला वाटलं.

सकाळी तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. आत घंटीचा बोर्ड बसवला, मोबाइलची पॉवर बँक जोडली. पत्र्यातून लहरी जात नाहीत. डब्याचं तोंड ज्या बाजूला, तिकडचंच त्याला ऐकू येणार. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा घेऊन ती घराबाहेर पडली. दर वळणावर थांबायची, डबा फिरवायची, आकडा यायची वाट बघायची. पानपट्टीवाल्यानं तिला दोनदा न्याहाळून पाहिलं. गल्ली संपली, वळण आलं, मागची गल्ली लागली. तिथं लाकडाच्या भुशाचा ओलसर, गोड वास होता. दोन्ही बाजूंना सतारीची दुकानं.

एका उघड्या दारासमोर डबा धरला आणि आकडा आला. बाजूला वळवला, गेला. पुन्हा धरला, पुन्हा आला.

आत चटईवर एक तरुण मांडी घालून बसला होता. मांडीवर सतारीचा मोठा पिवळा भोपळा, हातात कानस. केसांवर, पापण्यांवर भुसा. त्यानं मान वर केली. छत्रीखालची मुलगी, आणि तिनं रोखलेला बिस्किटाचा डबा.

"काय हो," तो म्हणाला, "डब्यातनं फोटो काढताय का माझा?"

"फोटो काढण्यासारखं काय हाय इथं?" तहरीमच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिचेच कान तापले. ती घाईनं म्हणाली, "तुमच्याकडं कुणी हवेतला ओलावा मोजतंय का?"

कानस थांबली. "तुम्ही हवामान खात्यातल्या?"

"न्हाई. मागच्या गल्लीतली. तुमचा ओलावा माझ्या स्वयंपाकघरात वाजतोय."

तो क्षणभर बघतच राहिला. मग असा हसला की मांडीवरचा भोपळा हलला.

त्याचं नाव कैफ. पणजोबापासूनचं सतारीचं काम. माळ्यावर भोपळे वाळत घातलेले असतात. पावसाळ्यात ओल धरली की बुरशी येते, म्हणून त्यानं व्हिडिओ बघून बघून एक सेन्सर जोडला होता. माळ्यावरचा बोर्ड आकडा पाठवणार, खाली कारखान्यातला बोर्ड दाखवणार.

"कुठला व्हिडिओ?" तहरीमनं विचारलं.

त्यानं मोबाइलवर दाखवला. तोच. तिनंही त्यातलाच प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलला होता. साहजिकच दोघांच्या मॉड्यूलांचा पत्ता एकच, चॅनेलही एकच.

"पत्ता बदला म्हणून सांगितलं असणार की त्यात," ती म्हणाली.

"असंल. मी शेवटपर्यंत बघितला न्हाई."

"...मी पण न्हाई."

आता दोघंही हसले. बाहेर पाऊस पागोळ्यांतून धारेनं गळत होता. आपण आत केव्हा आलो, छत्री कुणी मिटली, हे तहरीमला आठवेना.

"तरीच," कैफ म्हणाला, "माझ्याकडं मधेच एक यायचा. कधी दोन. पंच्याऐंशीवरनं ओलावा एकदम दोनावर! सेन्सर मेला म्हटलं. नवा आणला. आणि काल दुपारी तर कहरच. तीन, तीन, तीन... थांबायचं नावच न्हाई."

तहरीमचं हसू मावळलं.

"काय झालं?"

"ती माझी अम्मी हुती." तिनं सगळं सांगितलं. गळ्याचं, आवाजाचं, तिसऱ्या बटणाचं. मग खालमानेनं म्हणाली, "संदेश मिळाला की मॉड्यूल उलट पोच देतं. अम्मीच्या खोलीपुढं तुमचं हे अंगण. तिची हाक तुमच्या बोर्डाला मिळाली, त्यानं पोच दिली. पोच आली म्हणून पेटीनं पुन्हा पाठवलंच न्हाई. माझ्याकडं मिक्सर चालू, मध्ये भिंती... मला कळलंच न्हाई."

कैफनं कानस खाली ठेवली. 

"मी सेन्सर काढून त्यावर फुंकर मारत बसलो हुतो," तो म्हणाला. "तिकडं त्या..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "मी येऊन भेटू का त्यांना?"

"कशाला? तुमची चूक न्हाई त्यात."

"नसंल. पण हाक तर माझ्याकडंच आली हुती."

तहरीमनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. पापण्यांवरचा भुसा अजून तसाच होता.

घरी जाऊन तिनं आधी स्वतःच्या दोन्ही बोर्डांचा पत्ता बदलला, चॅनेल बदलला. घंटी दर वेळी वाजू लागली. संध्याकाळी कैफ आला, डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा. रहिमतबी खालानं त्याला उंबऱ्यातच वरून खाली जोखलं. सतारवाल्या दस्तगीरभाईंचा पोरगा म्हटल्यावर वाट सोडली. अम्मीसमोर तो शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला आणि अडखळत सगळं बोलला. अम्मी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं त्याला पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, आणि पेटीचं पहिलं बटण दाबलं.

"पाणी?" तहरीमनं दारातूनच विचारलं.

अम्मीनं नकारार्थी मान हलवली आणि हातानं कपबशी दाखवली. पहिल्या बटणाचा अर्थ त्या दिवसापासून चहा असाही झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैफ पुन्हा दारात. "तुमचं बरं झालं," तो म्हणाला, "माझं बंद पडलं."

"म्हणजे?"

"माळ्यावरच्या बोर्डाला मी हिरवा दिवा लावलाय. पोच मिळाली की पेटतो. काल दुपारपासनं पेटलाच न्हाई."

तहरीमच्या ध्यानात आलं. माळ्याची खिडकी खालाच्या स्वयंपाकघराकडे होती. इतके दिवस पोच द्यायची ती तिची घंटी. त्याच्या स्वतःच्या कारखान्यात क्वचितच काही पोचत होतं, आणि हिरवा दिवा बघून तो समाधानानं शिळा आकडा वाचत होता.

खालाला विचारून ती कैफच्या माळ्यावर गेली. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. चारी बाजूंना भोपळेच भोपळे, दोरीनं टांगलेले, जमिनीवर मांडलेले, काही तिच्या कमरेएवढे. मान वाकवून चालावं लागत होतं. ती वर बोर्डापाशी बसली आणि कैफ खाली पडद्यापाशी.

"पाठवलं!" ती ओरडली.

"न्हाई आलं!"

"आता?"

"न्हाई!"

"आता?"

"तुमचा आवाज आला! आकडा न्हाई!"

शेवटी तिला लहरींच्या आड येणारी भिंत दिसली. बोर्डाच्या नेमकं पुढे खुंट्यांवर तारांची वेटोळी टांगलेली होती, पितळी, पोलादी, थरावर थर. खाली जायच्या वाटेवर लोखंडी ट्रंक. लहरींनी जावं तरी कुठून? तिनं बोर्ड उचलून शिडीच्या तोंडाशी आणला आणि मॉड्यूलची अँटेना खाली वळवली.

"आलं!" खालून आरोळी. पाठोपाठ शिडीवर धाडधाड पावलं आणि भोपळ्यांमधून वर आलेलं त्याचं डोकं. "अठ्ठ्याऐंशी!"

मग दोघांच्याही लक्षात आलं की अठ्ठ्याऐंशी ही काही हसण्यासारखी गोष्ट नव्हती. कैफनं मागच्या रांगेतला भोपळा उलटा केला. बुडाला करडी बुरशी. शेजारच्यालाही. त्याच्या अब्बांनी तानपुऱ्यासाठी निवडून ठेवलेला सगळ्यात मोठा तेवढा वाचला होता.

त्यानंतरचे कितीतरी दिवस भोपळे पुसण्यात, हलवण्यात, माळ्यावर पंखा आणि बल्ब लावण्यात गेले. ओलावा वाढला की पंखा आपोआप चालू व्हावा, असं तहरीमनं जोडून दिलं. अम्मीची दुपारची झोप झाली की ती यायची. दस्तगीरभाई कारखान्याच्या दाराशी बसून खुंट्या कातायचे आणि या दोघांकडे न बघता सगळं बघायचे.

एकदा कैफ सतारीच्या घोडीवर कानस फिरवत होता. एकदा घासायचा, तार छेडायचा, ऐकायचा. पुन्हा घासायचा.

"काय बिघडलंय तिचं?" तहरीमनं विचारलं.

"बिघडलं न्हाई. जवारी काढतोय. तार घोडीवर जिथं टेकती तिथं जरा जास्त दाब असला तर आवाज कोंडतो." त्यानं तार छेडली. "ऐका. बंद हाय ना?"

"मला कळत न्हाई त्यातलं."

"कळंल. थांबा की जरा."

ती थांबली. कानस, तार. कानस, तार. तिला वाटलं, आपणही हेच करतो की. एक वायर काढायची, बघायचं, परत लावायची. आणि मग एकदा घासल्यावर तार वाजली ती वेगळीच, उघडी, रेंगाळणारी, आतून बारीक झणकारणारी... तहरीमनं चमकून वर पाहिलं. कैफ तारेकडे नाही, तिच्याकडेच बघत होता.

"कळलं?"

"कळलं," ती म्हणाली, आणि उगाचच ओढणी सारखी केली.

एव्हाना अम्मीनं आपली खिडकी उघडायला लावली होती. तिथून अंगण दिसायचं आणि अंगणापलीकडे कारखाना. तहरीम घरी आली की अम्मी आधी खिडकीकडे बोट करायची, मग हवेत कानस घासल्याची नक्कल करायची आणि डोळे मिचकावायची. खाला मात्र थेट विचारायची, "काय गं, किती दिवस वाळत्यात हे भोपळे? गणपती गेले, नवरात्र आलं!"

नवरात्रात एका दुपारी तहरीम अम्मीला डाळभात भरवत होती. अम्मीनं घास गिळला, तोंड वाकडं केलं आणि...

"मीठ," ती म्हणाली.

घोगरा, फाटका, पण आवाज! तहरीमच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"मीठ... कमी हाय."

तहरीम रडायला लागली आणि हसायलाही. खाला धावत वर आली. गलका ऐकून कैफ पलीकडच्या अंगणातून ओरडला, "काय झालं?" आणि तहरीम खिडकीतून वाकून ओरडली, "मीठ कमी हाय म्हणाली!" तो तिथंच, भुशानं माखलेले हात वर करून उड्या मारायला लागला.

त्या संध्याकाळी अब्बांचा फोन आला. मग कधी येताय घरी? तहरीम फोन ठेवून जिन्यात बसून राहिली. इतके दिवस याच दिवसासाठी दुवा मागितली होती. तो आला होता. आणि तिला बॅग भरावीशी वाटत नव्हती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

मिरजेच्या स्टेशनवर कैफ बॅग उचलायला आला. गाडी उभीच होती. अम्मी आत बसून शेजारणीला ऑपरेशनची हकीकत सांगू लागलीसुद्धा. तहरीम दारात उभी, कैफ फलाटावर.

"तहरीम," तो म्हणाला.

"हं?"

"ते... मी म्हणत हुतो..."

गाडीला झटका बसला. फलाट मागं सरकू लागला. कैफ चार पावलं बरोबर चालला.

"पेटीची बॅटरी बदलत जा!"

कऱ्हाड येईपर्यंत तहरीम खिडकीबाहेरच्या उसाकडे रागानं बघत होती. बॅटरी! अम्मीला आता आवाज होता. पेटी तिनं खालाकडेच ठेवली होती.

कोरेगावात दिवस पूर्वीसारखे सुरू झाले. ती अब्बांबरोबर दुकानात बसे. कैफचे फोन येत. पंखा उशिरा चालू होतोय. आकडा अडखळतोय. एकदा तो म्हणाला, रिसीव्हर लय तापतोय. तो बोर्ड तापणं शक्यच नव्हतं, हे तहरीमला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं अर्धा तास त्याला काय काय तपासायचं ते सांगितलं. दोघांनी दुसरं काही म्हणून बोलायचं नाही, असं जणू ठरवलंच होतं.

आणि मग एक दिवस अम्मी खालाशी फोनवर बोलता बोलता गप्प झाली. ही गोष्टच नवलाची. फोन ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "दस्तगीरभाई आष्ट्याला जाऊन आले. कैफसाठी पोरगी बघितली म्हणं."

"बरं झालं की," तहरीम म्हणाली. ती गुंडाळत असलेली तार हातात तुटली. त्यानंतर कैफचा फोन आला तेव्हा तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही.

थंडी पडू लागली होती. एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि गोधडीत गुंडाळलेला माणसाएवढा तानपुरा धरून कैफ उतरला.

"सलाम, चाचा," तो मौलांना म्हणाला. तहरीमकडे त्यानं बघितलंही नाही. "औंधला एका गायिकेकडं हा पोचवायचाय. एसटीत धक्के लय बसत्यात. इथनं एखादी गाडी मिळंल का?"

मौलांनी चष्म्यावरून त्याला पाहिलं, मग लेकीला पाहिलं, मग तानपुऱ्याला. मिरजेहून एवढा सांभाळत आणलेला तानपुरा इथंच का उतरला, हे त्यांनी विचारलं नाही. "माझी जीप हाय की," ते म्हणाले. "तहरीम, शटर ओढ. तू पण चल. कुणीतरी भोपळा धरायला पायजे."

औंधला गायिकेच्या घरी कैफनं तानपुरा उघडला. तोच, माळ्यावर वाचलेला मोठा भोपळा. त्यानं तारा जुळवल्या, बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर आल्यावर मौला म्हणाले, "मी चहाचं बघतो. तुमी बसा तवर तळ्याकाठी." आणि पाठ फिरवून ते उगाचच लांबच्या टपरीकडे चालू लागले.

समोर यमाईचा डोंगर उन्हात निवांत पसरला होता. 

"आष्ट्याची पोरगी कशी हाय?" तहरीमनं पाण्याकडे बघत विचारलं.

"अब्बा म्हणत्यात चांगली हाय."

"मग?"

"मी त्यांना म्हटलं, थांबा. एका ठिकाणी विचारून येतो."

"कुठं?"

"कोरेगावला."

तहरीमनं खालचा खडा उचलला, पण टाकला नाही. "मग विचार की," ती म्हणाली. 'तुम्ही' केव्हा गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"भीती वाटती गं. तू शिकलेली. तुला पुण्यात कुठंबी नोकरी मिळंल. माझ्या घरात भुसा हाय, भोपळे हायत, अब्बांचा खोकला हाय..."

"म्हणून स्टेशनवर बॅटरीचं बोललास?"

"गाडी सुटली. तोंडात तेवढंच आलं." तो कसनुसा हसला. "सांगलीपर्यंत मागनं गाडीवर येणार हुतो. पण येऊन तरी काय बोललो असतो?"

"मला पुण्याला जायचं न्हाई," तहरीम हळूच म्हणाली. "पण मी नुसती घरात बसणारी न्हाई, कैफ. मला माझं काम पायजे. माझं टेबल पायजे. भुशात न्हाई, उजेडात."

"माळ्याखालची खोली हाय ना, जुन्या लाकडांची... तिची खिडकी पूर्वेला हाय."

"ती तर भरलेली हुती."

"रिकामी केली." त्याचे कान लाल झाले होते. "तू गेलीस त्याच आठवड्यात. चुना मारला. टेबलपण केलं, सागाचं. दोन खणांचं. अब्बांनी विचारलं कुणासाठी. मी म्हटलं... असू दे, लागंल."

तहरीम त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस फोनवर तापणारा रिसीव्हर सांगणारा हा माणूस, एकीकडे तिच्यासाठी टेबलाला रंधा मारत होता.

"हे फोनवर सांगायला काय झालं हुतं?"

"तू उचललास कुठं?"

ती हसली. डोळ्यांत पाणी आलं तेही तिनं पुसलं नाही. "अजून विचारलं न्हाईस तू."

कैफनं टोपी काढली, पुन्हा घातली. "येशील?"

"येईन."

मौला तीन कप बोटांत धरून सावकाश येत होते. जवळ आले तसा कैफ धडपडून उभा राहिला.  तहरीमनंच अब्बांच्या हातातले दोन कप घेतले.

"अब्बा, यानं मला विचारलंय. मी हो म्हटलंय."

मौला खाली बसले. तळ्याच्या पाण्याकडे बघत त्यांनी चहाचा एक घोट घेतला, मग दुसरा.  एकुलती एक लेक. दुकानात समोर बसणारी. तिला वाटलं, आता अब्बा काहीतरी बोलतील आणि आपल्याला ते सोसायचं नाही.

"दस्तगीरभाईंना म्हणावं, कोरेगावला या," मौला शेवटी म्हणाले. "रीतीनं. पोरगी अशी तळ्याकाठी देत न्हाईत आमच्यात." आणि कैफकडे वळून, "उभा का? चहा निवतोय, घे."

परतताना तहरीम नेहमीप्रमाणे पुढच्या सीटकडे गेली, तर मौलांनी तिथं कैफला बसवलं. ती मागं बसली, रिकाम्या गोधडीवर. जीप उतरणीला लागली. वाऱ्यात तिला अब्बांचे प्रश्न तुटक तुटक ऐकू येत होते. नमाज चुकवतोस का, गाडी चालवता येते का, रागात भांडी आपटतोस का. कैफ एकेकाचं प्रामाणिकपणे उत्तर देत होता आणि मधूनच मागं वळून बघत होता.

"पुढं बघून बोल रं," मौला म्हणाले. "ती कुठं जात न्हाई आता."